दिवा कोणाला धरून आहे?

रात्री पावणेअकराला भाच्याचा फोन आला. तो हैदराबादला असतो, एका इमारतींच्या वीज-आराखड्याचं काम करणाऱ्या ऑफिसात लागून त्याला जेमतेम आठ महिने झाले आहेत.

"मावशी, जागी आहेस का? दिवे गेले."

"अरे मग इन्व्हर्टर नाही का रूमवर?"

"घरातले नाही गं. मॉडेलमधले. सकाळी दहाला शीट्स जायच्यात आणि हॉलमधले चाळीसच्या चाळीस दिवे गायब आहेत."

मी बडोद्यात बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून हा फोन माझ्याकडे. घरातल्या बाकीच्यांना आम्ही दोघं नेमकं काय करतो ते अजून नीट कळलेलं नाही. आईच्या मते मी 'कॉम्प्युटरवर घरं काढते'. तेही काही चूक नाही. पण आपल्या मंडळाच्या घराघरांतली बरीच मुलं-मुली आता या कामात शिरताहेत, आणि 'दिवे गेले' हा फोन त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी करावा लागतो. म्हणून त्या रात्रीची हकीकत जरा सविस्तर लिहिते.

आमचं सॉफ्टवेअर रेव्हिट. 'रिव्हाइज इन्स्टंटली', म्हणजे लगेच दुरुस्त करा, यावरून ते नाव पडलं. २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. जुन्या पद्धतीच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा असायच्या. रेव्हिटमध्ये भिंत म्हणजे भिंतच. तिला उंची असते, जाडी असते, तिच्यात खिडकी बसवली की ती खिडकी भिंतीची होते, आणि भिंत पुसली की खिडकीही पुसली जाते. हे नातं लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यावरूनच आहे.

छताचा जो नकाशा आम्ही काढतो त्याला रिफ्लेक्टेड सिलिंग प्लॅन म्हणतात, बोलताना आरसीपी. जमिनीवर भलामोठा आरसा अंथरला आहे आणि आपण वरून त्यात डोकावून छत बघतो आहोत, अशी कल्पना करा. त्यामुळे उजवीकडची खोली नकाशातही उजवीकडेच राहते. या नकाशात ऑफिसांच्या फॉल्स सिलिंगचे चौकोन दिसतात, ६०० बाय ६०० मिलिमीटरचे, आणि त्या चौकोनांत दिवे. सिलिंगवाला, वायरमन, एसीच्या जाळ्या बसवणारा आणि फायर स्प्रिंकलरवाला, चौघेही हाच एक कागद हातात धरून शिडीवर चढतात. म्हणून तो कागद चुकून चालत नाही.

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "शेड्यूलमध्ये किती दिवे आहेत?"

शेड्यूल म्हणजे मॉडेलमधून आपोआप तयार होणारी यादी. दिवा कुठे दिसो न दिसो, मॉडेलमध्ये असेल तर यादीत मोजला जातो. नवीन मुलं घाबरून आधी व्हिजिबिलिटीच्या खिडक्या उघडतात, इकडच्या तिकडच्या खुणा काढतात, घालतात, आणि मग मूळ कुठलं आणि आपण बिघडवलेलं कुठलं हेच समजेनासं होतं. आधी यादी बघावी. यादीत दिवे कमी झाले असतील तर ते पुसले गेलेत. आकडा तोच असेल तर ते आहेत, फक्त लपलेत. दोन्ही आजारांवरची औषधं पूर्णपणे वेगळी.

"चाळीस आहेत," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. "आणि एक गंमत सांगू? मी ज्या व्ह्यूमध्ये काम करतो तिथे दिसतायत. फक्त शीटवर लावलेल्या व्ह्यूमध्ये नाहीत."

ही गंमत नव्हे, हा पुरावा. रेव्हिटमध्ये प्रत्येक व्ह्यूला एक 'डिसिप्लिन' नेमून दिलेली असते. ती इलेक्ट्रिकल असेल तर भिंती, छत वगैरे फिकट होतात आणि विजेच्या वस्तू सगळ्यांच्या वर दिसतात, निवडायला सोपं जावं म्हणून. मधे सिलिंग आडवं आलं तरी त्या दिसतात. शीटवरचा व्ह्यू मात्र 'कोऑर्डिनेशन'चा होता, आणि त्यात खऱ्यासारखं चालतं: सिलिंगच्या वर जे आहे ते सिलिंगने झाकलं जातं. म्हणजे दिवे सिलिंगच्या वर गेले होते. किंवा सिलिंग त्यांच्या खाली आलं होतं.

"आज आर्किटेक्टची नवी फाइल आली का?"

"संध्याकाळी सातला."

"सिलिंग किती उंचीवर आहे?"

थोडा वेळ शांतता. "दोन हजार सातशे. आधी दोन हजार आठशे पन्नास होतं."

आर्किटेक्टने एसीच्या डक्टला जागा हवी म्हणून छत १५० मिलिमीटर खाली घेतलं होतं. ते रोजचंच आहे. पण मग दिवे त्याच्याबरोबर खाली का आले नाहीत?

आता जरा जुन्या वाड्यात चला. आमच्या आजोळच्या दिवाणखान्यात लाकडी तक्तपोशीखाली कापडी छत ताणलेलं असे आणि त्याच्या मधोमध एक हंडी लोंबत असे. लहानपणी मला वाटायचं की हंडी त्या कापडाला टांगली आहे. एका दिवाळीत कापड काढलं तेव्हा दिसलं की वर तुळईत लोखंडी कडी आहे, आणि हंडीची साखळी कापडाच्या छिद्रातून त्या कडीला गेलेली आहे. दिसायला हंडी छताची, पण भार तुळईवर.

रेव्हिटमधला दिवाही असाच कोणाला तरी धरून असतो, त्याला होस्ट म्हणतात. आणि दिवा कोणत्या जातीचा यावर तो कशाला धरू शकतो हे ठरतं. एक जात 'सिलिंग-बेस्ड'. तिला सिलिंगच लागतं, आणि तेही त्याच फाइलमधलं. आर्किटेक्टची फाइल आपल्या फाइलला लिंक केलेली असेल तर तिच्यातल्या सिलिंगवर हा दिवा बसतच नाही. कर्सरवर निषेधाचं चिन्ह येतं आणि मुलं तासभर क्लिक करत बसतात. शिवाय ते सिलिंग पुसलं की हे दिवे त्याच्याबरोबर जातात, भिंतीबरोबर खिडकी जाते तसे. दुसरी जात 'फेस-बेस्ड'. ती कुठल्याही पृष्ठभागाला चिकटते, लिंकमधल्या सिलिंगलाही. आमच्यासारख्या विजेच्या लोकांचं बहुतेक काम हिच्यावर चालतं. तिसरी जात कोणालाच धरत नाही. मजल्याची पातळी आणि त्यापासूनची उंची सांगितली की ती अधांतरी तिथे राहते. तिला नावं ठेवू नका, तिच्याकडे परत येऊ.

फेस-बेस्डची एक खोड इथेच सांगून टाकते, कारण पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांना रडवते. असा दिवा निवडला की वर तीन बटणं येतात: उभ्या पृष्ठभागावर बसवा, कोणत्याही पृष्ठभागावर बसवा, वर्क प्लेनवर बसवा. आपोआप निवडलेलं असतं ते पहिलं. सिलिंग आडवं. त्यामुळे कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही. मधलं 'प्लेस ऑन फेस' दाबा, झालं.

भाच्याचे दिवे फेस-बेस्ड होते. आर्किटेक्टने जर तेच सिलिंग उंची बदलून खाली आणलं असतं, तर फाइल रीलोड झाल्यावर दिवे मुकाट्याने त्याच्याबरोबर १५० खाली आले असते. मी त्याला एक दिवा निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'होस्ट' समोर काय आहे ते वाचायला सांगितलं.

"नॉट असोसिएटेड."

म्हणजे अनाथ. आर्किटेक्टच्या ऑफिसात कोणीतरी जुनं सिलिंग पुसून नवीन काढलं होतं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच, ६०० बाय ६००, पांढरी. पण रेव्हिट वस्तूंना चेहऱ्याने ओळखत नाही, आयडी क्रमांकाने ओळखतं. नव्या सिलिंगचा क्रमांक नवा. दिवे जुन्या क्रमांकाला धरून होते, तो क्रमांक जगातून गेला, आणि दिवे होते तिथेच, २८५० वर, हवेत राहिले.

यात आर्किटेक्टची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर पुसून परत काढणं दोन मिनिटांचं काम आहे. त्या सिलिंगला दुसऱ्या शहरातल्या एका मुलाचे चाळीस दिवे लटकलेत हे त्याला त्याच्या पडद्यावर दिसतच नाही.

रेव्हिटमध्ये अशा अनाथांची यादी मिळते. 'कोलॅबोरेट' टॅबमध्ये 'रिकन्साइल होस्टिंग' नावाचं बटण आहे, ते दाबलं की कोणत्या वस्तूंचा आधार सुटलाय ते सगळं समोर येतं. हे बटण वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही माहीत नसतं. माझं मत असं की आर्किटेक्टची नवी फाइल लोड केली की पहिला चहा व्हायच्या आधी हे बटण दाबावं. भाच्याने ते संध्याकाळी सातला दाबलं असतं तर पावणेअकराला मी झोपलेली असते.

"मग चाळीसही पुसून नवीन टाकू का? कॉपी-पेस्ट करून पंधरा मिनिटांत होतील."

"अजिबात नाही."

हा मोह सगळ्यांना होतो. पण त्या प्रत्येक दिव्याला सर्किट जोडलेलं आहे, टॅग लावलेला आहे. ३६ वॅटचे चाळीस दिवे, म्हणजे १४४० वॅटचा भार पॅनेलच्या हिशेबात धरलेला आहे. दिवा पुसला की तो भार कोणालाही न सांगता हिशेबातून निघून जातो, आणि नवीन दिवा सर्किटला जोडायचा राहिला तर पॅनेलचं शेड्यूल चुकीचंच छापलं जातं. कागद मात्र नीटनेटका दिसतो, आणि असा कागद सगळ्यांत वाईट. दिवा तोच ठेवून फक्त त्याचा आधार बदलला तर सर्किट, टॅग सगळं शाबूत राहतं.

त्यासाठी दिवा निवडायचा, 'पिक न्यू' म्हणायचं, 'फेस' निवडायचं आणि नव्या सिलिंगवर क्लिक करायचं. अडचण एवढीच की दिवा माउसला चिकटून येतो आणि क्लिक कराल तिथे बसतो, आपल्या जुन्या जागी नाही. मग तो अलाइन करून जागेवर न्यायचा. चाळीस वेळा. मी फोन स्पीकरवर ठेवला, तो क्लिक करत राहिला.

सातव्या की आठव्या दिव्याला तो थांबला. "मावशी, हे दिवे आता ग्रिडमध्ये बसतच नाहीयेत. टी दिव्याच्या मधोमध जातेय."

इथे खरा मुद्दा आला. सिलिंगचे चौकोन दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं की मॉडेलमध्ये टी आहेत, टाइल्स आहेत. त्यातलं काहीही नसतं. रेव्हिटचं सिलिंग म्हणजे एक सपाट पत्रा, आणि ग्रिड म्हणजे त्याच्या मटेरियलवर उमटवलेली नक्षी, रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी. दिवा पत्र्याला धरून असतो, ठिपक्यांना नव्हे. ठिपके सरकले तरी दिवा हलत नाही, आणि दिवा चुकीच्या ठिपक्यावर असला तरी सॉफ्टवेअर एक शब्द बोलत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे.

ही नक्षी दोन प्रकारची असते. 'मॉडेल' प्रकारची असेल तर चौकोन खरे ६०० चे असतात, आणि एखाद्या रेघेवर कर्सर नेऊन टॅब दाबत गेलं की ती रेघ एकटी निवडता येते, सरकवता येते, फिरवताही येते. 'ड्राफ्टिंग' प्रकारची असेल तर ती फक्त कागदावरची खूण: १:५० च्या व्ह्यूमध्ये एक माप, १:१०० मध्ये दुसरं, आणि रेघ हाताला लागत नाही. कोणाच्या मॉडेलमध्ये स्केल बदललं की टाइल्स मोठ्या-लहान होत असतील, तर दुसरीकडे शोधू नका, मटेरियलमध्ये जाऊन नक्षीची जात बदला.

आता भाच्याचा हॉल. रुंदी ११ मीटर, लांबी १५.६ मीटर. लांबीचं काही नाही, त्यात २६ टाइल्स बरोबर बसतात. भानगड रुंदीची. ११,००० भागिले ६०० काही पूर्ण येत नाही, म्हणून दोन्ही भिंतींजवळ कापलेल्या टाइल्स येणारच. प्रश्न एवढाच की केवढ्या. हॉलच्या मध्यावर टीची रेघ ठेवली तर प्रत्येक बाजूला ५५०० मिळतात, त्यात नऊ टाइल्स म्हणजे ५४००, आणि भिंतीशी १०० मिलिमीटरची पट्टी उरते. १०० ची पट्टी कापायला त्रास, भिंत जराशी तिरकी असेल तर एका टोकाला ९० आणि दुसऱ्याला ११०, आणि ते जन्मभर दिसत राहतं. त्याऐवजी मध्यावर टाइलचा मध्य ठेवला तर सतरा पूर्ण टाइल्स आणि दोन्हीकडे ४०० चे तुकडे. ४०० चा तुकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. भिंतीशी अर्ध्या टाइलपेक्षा कमी तुकडा येऊ द्यायचा नाही, हा सिलिंगवाल्यांचा जुना नियम आहे आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येत नाही.

जुन्या सिलिंगमध्ये आर्किटेक्टने ग्रिड अशीच ४०० ची काढली होती. भाच्याचे दिवे रुंदीत पाच, दर २४०० वर, मधला बरोबर मधल्या टाइलमध्ये, शेवटच्याचा मध्य भिंतीपासून ७०० वर. सगळं शिस्तीत. नवीन सिलिंग काढताना ग्रिड कुठून सुरू करायची ते कोणी पाहिलं नाही, सॉफ्टवेअरने सुरू केली तिथून ती सुरू झाली, आणि मध्यावर रेघ येऊन बसली. ३०० ने सगळं सरकलं. प्रत्येक दिव्याच्या पोटातून टी.

"मग मी दिवे ३०० ने सरकवतो. ग्रिडमध्ये तर बसतील."

बसले असते. शीट सुंदर दिसलं असतं. पण मग पाच दिवे हॉलच्या एका बाजूला झुकले असते आणि १०० ची पट्टी तशीच राहिली असती, कारण ग्रिड आर्किटेक्टच्या फाइलमधली, आपल्या हातात नाही. मी त्याला सांगितलं की दिवे जुन्या मापांवरच ठेव, मापं गेल्या आठवड्याच्या पीडीएफवर आहेत. शीटवर ढग काढून लिही, 'ग्रिडची सुरुवात तपासावी'. आणि सकाळी नऊला आर्किटेक्टच्या ऑफिसात फोन कर, मेल नको.

त्याला ते पटलं नाही. नव्या माणसाला वाटतं की शीटवर प्रश्न लिहिणं म्हणजे आपलं काम अर्धवट आहे असं कबूल करणं. म्हणून मग त्याला माझी गोष्ट सांगावी लागली, जी मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती.

मी नवी होते तेव्हा हालोल रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या ऑफिसचं काम होतं. दिव्याची फॅमिली, म्हणजे तयार नमुना, मी लायब्ररीतून उचलला. लायब्ररी अमेरिकन. दोन फूट बाय दोन फूट. आपणही बोलताना 'टू बाय टू'च म्हणतो, म्हणून मला काही खटकलं नाही. पण अमेरिकन दोन फूट म्हणजे खरेखुरे दोन फूट, ६०९.६ मिलिमीटर, आणि आपली टू बाय टू म्हणजे ६००. पडद्यावर दिवा चौकोनाच्या कडेवरून साडेचार-पाच मिलिमीटर बाहेर येतो, कोण बघतंय? शेड्यूलमध्ये मात्र माप छापून गेलं, ६१० बाय ६१०. खरेदी करणाऱ्याने तेच मागवलं आणि बनवणाऱ्याने मापाबरहुकूम पत्र्याचे दिवे बनवून दिले.

साइटवर टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६०० असतात. टीचा तळ २४ मिलिमीटर रुंद धरला तर मधली मोकळी जागा ५७६. त्यात ५९५ चा दिवा वरून तिरका घालून खाली ठेवला की चारी बाजूंना साडेनऊ मिलिमीटर टेकतो. म्हणून बाजारातले दिवे ५९५ चे असतात. ६१० चा दिवा दोन टींच्या मधे उतरूच शकत नाही. सिलिंगच्या कारागिराला वाटलं, कागदावर लिहिलंय म्हणजे बसवायलाच हवेत. त्याने कात्रीने टी कापल्या आणि दिवे स्क्रूने अडकवले. टी कापली की ग्रिडचा कणाच जातो. आठवड्याभरात ती रांग खाली झुकली, आणि ठेकेदाराने कारागिराचे पैसे अडवले. चूक माझ्या फॅमिलीतल्या एका मापाची. मी साइटवर जाऊन तसं सांगितलं, पैसे नंतर सुटले, पण तो माणूस मधले वीस दिवस रोज मजुरीवर दुसरीकडे जात होता, हे मला त्याच्याच तोंडून कळलं.

फोनवर काही वेळ फक्त माउसचा आवाज येत होता. मग भाचा म्हणाला, "आपली फॅमिली ५९५ आहे. बघितलं आत्ता."

साडेबाराच्या सुमाराला चाळीस दिवे नव्या सिलिंगला लागले आणि शीटवर परत उगवले. मी आडवी होणार तेवढ्यात त्याने विचारलं, टॉयलेटमधले सहा डाउनलाइट आधीपासूनच शीटवर नाहीत, ते पण याच रोगाने का? यादीत आहेत, होस्टही ठीक आहे.

तो वेगळा रोग. आरसीपीमध्ये एक काल्पनिक कापणीची पातळी असते, कट प्लेन. आपण त्या पातळीवर उभे राहून वर बघतो. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये ती बहुधा २३०० वर असते. टॉयलेटचं सिलिंग पाइपांमुळे २२५० वर होतं, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या खाली, आणि खालचं आरसीपीत दिसत नाही. अशा वेळी दिवा ठेवताच रेव्हिट इशाराही देतं की बनवलेली वस्तू या व्ह्यूमध्ये दिसत नाही, पण तो इशारा न वाचता बंद करण्यात आपण सगळेच पटाईत. कट प्लेन २२०० केली की काम झालं. त्याहून खाली, २१०० च्या आत नेऊ नका, नाहीतर दारं कापली जाऊन आरसीपीत उघड्या दारांच्या कमानी येऊन बसतात. फक्त तेवढ्याच भागासाठी खाली आणायची असेल तर प्लॅन रीजन काढता येतो. भाच्याने पूर्ण व्ह्यूचीच २२०० केली. त्या मजल्यावर तेही चाललं.

यादीत 'स्पेस'चा रकाना रिकामा येतो, म्हणजे दिवा कोणत्या खोलीत आहे हे रेव्हिटला कळत नाही, हेही तिथे निघालं. स्पेसची वरची मर्यादा २७०० आणि दिव्याचा बिंदू बरोबर त्या सीमेवर किंवा वर, असं असलं की हे होतं. फॅमिली उघडून 'रूम कॅल्क्युलेशन पॉइंट' चालू करायचा आणि येणारा हिरवा ठिपका खाली खोलीत ओढून आणायचा. हे न केल्यास खोलीतल्या सरासरी उजेडाचा हिशेब शून्य दाखवतो आणि मग कोणीतरी विनाकारण जास्तीचे दिवे टाकतो. बाकी फेज, वर्कसेट, फिल्टर यांच्यामुळेही दिवे लपतात, पण ते तपासायला फार डोकं लागत नाही.

तिसऱ्या जातीचं राहिलं, अधांतरी दिव्यांचं. पुष्कळ अनुभवी लोक आता सिलिंगला दिवे लावतच नाहीत. स्वतःच्या फाइलमध्ये सिलिंगच्या उंचीवर एक रेफरन्स प्लेन काढतात आणि दिवे त्याला लावतात, किंवा सरळ पातळी आणि उंची सांगून ठेवतात. आर्किटेक्टने सिलिंग शंभरदा पुसलं तरी यांचे दिवे ढळत नाहीत. किंमत अशी की सिलिंग खाली आलं तर तेही आपोआप कळत नाही, प्लेन आपल्याला आठवणीने उतरवावं लागतं. तिरकं छत असेल तर ही युक्ती कंटाळवाणी होते. पण आराखडा रोज बदलतो आहे अशा दिवसांत मला हीच बरी वाटते. अनाथ दिवे शोधण्यापेक्षा एक आकडा बदलणं सोपं. आणि साइटवरही जड दिवा सिलिंगच्या भरवशावर ठेवत नाहीत, त्याला वर स्लॅबपासून स्वतंत्र तार देतात. त्या हंडीसारखंच.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी जेवायला बसले होते तेव्हा फोन आला. शीट्स दहाला गेल्या होत्या, ढगासकट. आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवरच फाइल उघडली, १०० ची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "अय्यो, ही कोणी ठेवली?" नवी फाइल आत्ताच आली होती.

"सिलिंग परत पुसून काढलं का तिने?"

"नाही. तेच ठेवून फक्त ग्रिड सरकवली. मी विनंती केली होती तशी. लोड केल्याकेल्या रिकन्साइल होस्टिंग दाबलं. यादी रिकामी आहे."

"आणि दिवे?"

"ग्रिडमध्ये. मधला मधल्या टाइलमध्ये." मग जरा थांबून, "मावशी, त्या कारागिराला तू ओळखतेस का अजून?"

ओळखते. आमच्या घरच्या हॉलचं सिलिंग त्यानेच केलंय.